‘अवतारा’चा शोध आणि विकर्माची कसोटी

रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ हा भूमिकाप्रधान संगणकीय खेळ १९८५ मध्ये ओरिजिन सिस्टिम्स या अमेरिकन संस्थेने प्रसिद्ध केला. अद्भुतरम्य सृष्टीत संचार घडविणाऱ्या खेळांच्या परंपरेत तो आज अभिजात गणला जातो. राक्षसाचा वध हे अंतिम साध्य न मानता खेळणाऱ्याचे सदाचरण हेच साध्य मानणारा खेळ, ही त्याची ख्याती. ही ख्याती कितपत सार्थ आहे, आणि आचरणाची परीक्षा घेऊ पाहणारी कृती नेमकी कशाची परीक्षा घेऊ शकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. या परीक्षणास लागणारी परिभाषा दूर शोधावी लागत नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये झालेल्या गीतेच्या निरूपणात ती सिद्ध स्वरूपात सापडते.

१

‘अल्टिमा’ मालेतील पहिले तीन खेळ १९८१, १९८२ व १९८३ या वर्षी निघाले. मोंडेन, मिनॅक्स आणि एक्झोडस या दुष्ट शक्तींचा नाश हे त्यांचे अनुक्रमे प्रयोजन होते. प्रयोजन साधले की साधनांचा विचार उरत नसे. दुकानातून चोरी करावी, निरपराध नागरिकांना मारून धन मिळवावे आणि त्या धनावर शस्त्रे घेऊन अखेर जगाचा त्राता म्हणून मिरवावे, यात त्या रचनेला विसंगती वाटत नसे. तिसरा खेळ गॅरियट यांनी स्वतःच्या संस्थेतर्फे काढल्यामुळे खेळणाऱ्यांची पत्रे त्यांच्याकडे येऊ लागली. लोक आपला खेळ कोणत्या वृत्तीने खेळतात, हे त्या पत्रांतून त्यांना उमगले. चौथ्या खेळाचा जन्म या अस्वस्थतेतून झाला. ‘अवतार’ हा शब्द आपण हिंदू परंपरेवरून घेतला, असेही त्यांनी सांगितले आहे.

या खेळातील ब्रिटानिया हे राज्य सुखी आहे. लॉर्ड ब्रिटिश हा राजा न्यायी आहे आणि शत्रूचे संकट ओढवलेले नाही. उणीव आहे ती आदर्श मनुष्याची. सत्य, प्रेम व धैर्य ही तीन मूलतत्त्वे मानून त्यांच्या मिश्रणातून आठ गुण काढले आहेत. केवळ सत्यातून प्रामाणिकपणा, केवळ प्रेमातून करुणा, केवळ धैर्यातून शौर्य. सत्य व प्रेम यांतून न्याय, प्रेम व धैर्य यांतून त्याग, धैर्य व सत्य यांतून प्रतिष्ठा. तिन्ही एकत्र आली की अध्यात्म. आणि तिन्हींपैकी एकही नसता जो उरतो तो विनय. आठही गुणांत पूर्णता पावणारा तो ‘अवतार’. संस्कृतातील ‘अवतार’ वरून खाली उतरतो; हा ‘अवतार’ खालून वर चढतो. शब्द अवताराचा असला तरी कल्पना सिद्धाची आहे, हे मराठी अभ्यासकाच्या सहज ध्यानात येईल.

भूमिकाप्रधान खेळाचे वाङ्मयाशी असलेले नाते स्पष्ट करण्यास न. चिं. केळकर यांची सविकल्प समाधीची उपपत्ती उपयोगी पडते. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, परंतु स्वतःला सर्वस्वी विसरत नाही. या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयानंद आहे, असा तिचा आशय. कादंबरी वाचताना ही समाधी मनाच्या पातळीवर राहते. नायकाने चोरी केली तर वाचक हळहळतो, पण त्या चोरीचा कर्ता होत नाही. या खेळात कर्तृत्वच वाचकाकडे येते. विकल्प आता केवळ ‘मी आणि तो’ एवढाच न राहता ‘हे करावे की ते’ असाही होतो. म्हणून अशा कृतीच्या समीक्षेत रसविचाराइतकाच कर्मविचारही अपरिहार्य ठरतो.

२

खेळाच्या आरंभी पात्राची शक्ती, बुद्धी वगैरेंचे आकडे फाशांनी ठरविण्याचा त्या काळचा प्रघात गॅरियट यांनी सोडला. त्याऐवजी भविष्य सांगणारी एक भटकी स्त्री खेळणाऱ्यापुढे पत्ते मांडून सात प्रश्न विचारते. न मोजलेल्या मोहरांची थैली कोणाकडे पोहोचती करण्याचे काम अंगावर आहे. वाटेत भिकारी भेटतो. थैली जशीच्या तशी पोहोचवावी, की कोणाला कळणार नाही अशी एक मोहर भिकाऱ्यास द्यावी? येथे प्रामाणिकपणा व करुणा समोरासमोर येतात आणि एकाला माघार घ्यावी लागते. आठ गुणांतून चार, चारांतून दोन व दोहोंतून एक असा निवाडा होऊन जो गुण टिकतो, त्यावरून पात्राचा व्यवसाय व प्रारंभीचे गाव ठरते. शौर्य निवडणारा योद्धा होतो, करुणा निवडणारा भाट होतो. विनय निवडणारा मेंढपाळ होतो, आणि हा मेंढपाळ आठांत सर्वांत दुर्बळ असतो. गर्वामुळे नाश पावलेल्या मॅगिन्सिया या भुतांच्या उद्ध्वस्त नगरीत त्याचा प्रवास सुरू होतो. विनयाची किंमत नियमावलीत लिहिण्याऐवजी खेळणाऱ्याच्या हालांतून सांगण्याची ही योजना मार्मिक आहे.

पुढील खेळ दीर्घ आहे. गावोगाव फिरून लोकांशी एकेका शब्दाने संभाषण करावयाचे; प्रत्येक गुणाचे चिन्ह, मंत्र व रत्न शोधावयाचे; आठ मंदिरांत ध्यान करावयाचे; उरलेल्या सात गुणांचे सात सोबती मिळवावयाचे; आणि शेवटी स्टिजियन ॲबिस या आठ मजली विवरात उतरून परम ज्ञानाच्या ग्रंथापाशी पोहोचावयाचे. या सर्व काळात खेळणाऱ्याच्या प्रत्येक कृतीची नोंद आतल्या आत होत असते. दुष्ट प्राण्यापासून पळ काढला तर शौर्य उणावते. दुष्ट नसलेला प्राणी पळू लागता त्यास जाऊ दिले तर दयाबुद्धीची नोंद होते. दुसऱ्याच्या घरातील पेटी उघडून धन घेतले तर प्रामाणिकपणाला बाध येतो. मात्र या नोंदीचे आकडे खेळणाऱ्यास कोठेही दिसत नाहीत. राजवाड्यातील हॉकविंड हा द्रष्टा विचारल्यावर मोघम उत्तर देतो, इतकेच.

या नोंदीचे मर्म एका लहानशा व्यवहारात प्रकट होते. मंत्रविधीला लागणारी द्रव्ये विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते. किती पैसे हातावर ठेवावयाचे, तो आकडा खेळणाऱ्याने स्वतः भरावयाचा. कमी भरला तरी माल मिळतो. बाई रागावत नाही, शिपाई धावून येत नाही, पडद्यावर काही उमटत नाही. प्रारंभी खिसा रिकामा असतो, द्रव्यांची निकड असते, आणि ‘हा तर खेळ’ ही पळवाट मनात तयारच असते. एका फसवणुकीने जे गमावते ते भरून काढण्यास अनेक सरळ व्यवहार खर्ची पडतात, हे पुष्कळ पुढे, मंदिराचे द्वार जणू बंदच राहते तेव्हा, ध्यानात येते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी म्हण आहे. योद्ध्याचे सोंग घेतलेला खेळणारा या आंधळ्या बाईपुढे सोंगाबाहेर येतो, कारण तेथे भरलेला आकडा योद्ध्याचा नसतो, त्याचा स्वतःचा असतो. संपूर्ण खेळात इतका कसाचा प्रसंग दुसरा नाही.

३

गुणावगुणांचा प्रवास खेळातून मांडण्याची कल्पना महाराष्ट्रास अपरिचित नाही. परंपरा ज्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते त्या मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या व साप दुर्गुणांचे असत, आणि शेवटचे घर मोक्षाचे. परंतु मोक्षपटात सोंगटी चालते ती दानावर. दयेच्या शिडीखाली येणारा दयाळू असतो म्हणून तेथे येत नाही. पडलेले दान त्याला तेथे आणते. मोक्षपट गुणांचे फल सांगतो, गुणांची निवड करावयास लावत नाही. ‘अल्टिमा ४’ने ही निवड खेळणाऱ्याच्या हाती दिली. दैवाकडून कर्माकडे झालेले हे संक्रमण या खेळाचे मुख्य श्रेय होय.

परंतु कर्माची गोष्ट निघाली की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. दान हे कर्म झाले. दानामागील मनाचे काय? येथे धुळ्याच्या निरूपणाकडे वळणे आवश्यक होते. विनोबा भावे यांनी धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जून १९३२ पर्यंत अठरा रविवारी गीतेच्या अठरा अध्यायांवर मराठीत प्रवचने केली. ती टिपून घेण्याचे काम साने गुरुजींनी केले. साने गुरुजी त्यापूर्वी जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे शिक्षक होते. ‘गीता प्रवचने’ या नावाने ती पुढे ग्रंथरूप झाली. यांतील चौथ्या अध्यायावरील प्रवचन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. गीतेतील अवतारकल्पना ज्या अध्यायात येते, त्याच अध्यायातील कर्म, विकर्म व अकर्म या त्रयीचा उलगडा तेथे आहे.

विनोबांनी ‘विकर्म’ शब्दाचा अर्थ विशेष कर्म, म्हणजे बाह्य कर्माला साथ देणारे चित्ताचे आंतरिक कर्म, असा केला. कर्मात विकर्म मिसळले की कर्माचे ओझे उरत नाही, तेच अकर्म. त्यासाठी त्यांनी शंकराच्या पिंडीवरील अभिषेकाचा दाखला घेतला. पाण्याची धार पडते आहे, पण तिच्याबरोबर मनाची धार पडत नसेल तर पिंडीही दगड आणि अभिषेक करणाराही दगडच, असा त्याचा भावार्थ. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही अभिषेक सारखेच दिसतात. भेद असतो तो न दिसणाऱ्या ठिकाणी.

गॅरियट यांच्या खेळाचा या विवेचनाशी ऐतिहासिक संबंध नाही. येथे अभिप्रेत आहे तो कसोटीचा संबंध. बाह्य आचरणाची नोंद ठेवणारी कृती विकर्मापर्यंत पोहोचू शकते काय, हा प्रश्न या परिभाषेमुळे नेमका मांडता येतो.

४

खेळातील ध्यानाचा विधी या कसोटीस लावून पाहावा. मंदिरात जाऊन खेळणारा एक ते तीन आवर्तने निवडतो, ठराविक वेळ थांबतो आणि मंत्र टंकित करतो. प्रामाणिकपणाचा मंत्र ‘आह्म’, करुणेचा ‘मू’, शौर्याचा ‘रा’. अध्यात्माचा मंत्र तर ‘ओम्’ आहे. मराठी खेळणाऱ्यास या ‘ओम्’पाशी अडखळल्यासारखे होते. इतर मंत्र त्याला अर्थहीन ध्वनी वाटतात. हा एक शब्द मात्र घरचा. तरीही यंत्राच्या दृष्टीने आठही मंत्र सारखेच: अक्षरे जुळली की पुरे. थांबण्याच्या क्षणांत खेळणारा चहा घेण्यास उठला काय, की खरोखर आपल्या आचरणाचा विचार करीत बसला, हे यंत्रास कळावयाचे नाही. पाण्याची धार मोजली जाते; मनाची धार मोजण्याचे साधन नाही.

दानाच्या बाबतीत ही उणीव अधिक ठळक होते. भिकाऱ्यास अल्पसे दान पुन्हा पुन्हा दिले तरी करुणेची नोंद वाढते. हे ज्याच्या ध्यानात आले तो खेळणारा एकाच भिकाऱ्यापुढे उभा राहून तीच कळ दाबीत राहू शकतो. करुणा पूर्ण होते. कणव मात्र एकदाही येत नाही. वैद्याकडे रक्तदान करून त्याग साधणारा खेळणाराही याच मार्गाने जातो: आधी प्रकृती भरून घ्यावी, मग द्यावे, मग पुन्हा भरून घ्यावी. यात खेळणाऱ्याचा दोष नाही. रचनेने ज्याला फळ लावले, तेच त्याने केले. फलाशा सोडावयास सांगणारा विषय फलाशेच्या यंत्रणेतून मांडण्याचे हे अटळ परिणाम होत.

यावर एक आक्षेप येऊ शकतो व तो विचारार्ह आहे. बाह्य कर्म पुन्हा पुन्हा घडल्याने वळण लागते, आणि वळणातून चित्तशुद्धी होते; मग हिशेबाने दिलेले दानही व्यर्थ का मानावे? विनोबांच्या विवेचनातही बाह्य कर्माला गौण ठरवून टाकून दिलेले नाही. विकर्माला आधार कर्माचाच असतो. खानदेशातील एका उदाहरणाने हे नाते स्पष्ट होईल. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. घरातील व शेतातील काम चालू असता त्यांना गाणी सुचत गेली. ती सोपानदेव चौधरी व एका आप्ताने टिपून ठेवली व १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ म्हणून प्रसिद्ध झाली. हातातील काम रोजचे, तेच ते. परंतु त्या कामाच्या फेऱ्यांत मन मिसळले आणि काव्य जन्मास आले. याचा अर्थ पुनरावृत्ती विकर्मास मारक नसते. मारक असते ती पुनरावृत्तीची पूर्वनिश्चित मजुरी. जात्याच्या कितव्या फेऱ्याला ओवी सुचेल हे ठरलेले नसते. भिकाऱ्यास कितव्या दानाला करुणा पूर्ण होईल हे खेळात ठरलेले असते. आक्षेप म्हणून अर्धाच टिकतो: सवय उपकारक असते, पण जिचा भाव आधी कळला आहे ती सवय बहुधा सौदाच राहते.

यावरून आंधळ्या बाईचा प्रसंग श्रेष्ठ का, याचे उत्तर मिळते. पहिल्यांदा खेळणाऱ्यास तेथे भाव ठाऊक नसतो. परीक्षा चालू आहे हेच त्याला माहीत नसते. त्यामुळे त्याने जे केले ते फळासाठी केलेले नसते. लोभाने तरी केलेले असते किंवा स्वभावाने तरी. ज्या क्षणी खेळ आपला हिशेब लपवितो, त्या क्षणी तो विकर्माच्या सर्वांत जवळ येतो. ज्या क्षणी तो मंत्र मागतो, ध्यानाची आवर्तने मोजतो, त्या क्षणी तो विकर्मापासून सर्वांत दूर जातो. जे दिसत नाही त्याची परीक्षा न घेता त्यास केवळ वाव देणे, एवढेच अशा रचनेला शक्य असते.

५

विनयाच्या स्थानाचा विचार येथेच करावा. गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी गुणांच्या यादीत अभय प्रथम येते व अतिमानाचा अभाव शेवटी. ५ जून १९३२ च्या रविवारी या अध्यायावर बोलताना विनोबांनी हा क्रम सैन्याच्या रचनेसारखा समजावून दिला: निर्भयता आघाडीस, नम्रता पिछाडीस. मागून होणारा हल्ला अहंकाराचा. म्हणून पिछाडीचे रक्षण नम्रतेकडे. ‘अल्टिमा ४’मध्येही विनय शेवटचा आहे, व तिन्ही मूलतत्त्वांच्या बाहेर आहे. दोन स्वतंत्र परंपरांनी विनयाला गुणांच्या रांगेत वेगळे काढावे, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही. इतर गुण वाढल्याचे भान होते; विनय वाढल्याचे भान झाले की तो घटतो. ज्याची मोजदाद केल्याने तो नष्ट होतो, असा हा एकच गुण.

आणि खेळ त्याचीही मोजदाद करतो. संभाषणात कोणी खेळणाऱ्यास त्याच्या श्रेष्ठत्वाविषयी विचारले तर ‘नाही’ म्हणावयाचे. ‘होय’ म्हटल्यास विनय उणावतो. कल्पना चांगली आहे, परंतु दुसऱ्यांदा खेळणाऱ्याच्या तोंडी ते ‘नाही’ म्हणजे विनयाचे शुद्ध सोंग ठरते. सात गुणांच्या बाबतीत जी उणीव होती, ती येथे विरोधाचे रूप घेते. मेंढपाळाच्या हालांतून विनय सांगणारा आरंभ आणि ‘होय–नाही’तून विनय मोजणारा मध्य, या दोहोंत एकाच रचनाकाराचे सामर्थ्य व मर्यादा शेजारी शेजारी उभ्या दिसतात.

शेवट मात्र या मर्यादेची जाणीव दाखवितो. आठही गुण पूर्ण झाल्यावर, विवराच्या तळाशी, अखेरच्या प्रश्नाचे उत्तर ‘अनंत’ असे आहे. ते दिल्यावर राज्य मिळत नाही, सिंहासन मिळत नाही. खेळणाऱ्यास त्याच्या स्वतःच्या जगात परत पाठविले जाते, आणि हा शोध जन्मभर चालावयाचा आहे असे बजावले जाते. ज्याने आतापर्यंत प्रत्येक गुणाचा आकडा ठेवला, तोच शेवटी मोजता न येणाऱ्या संख्येचे नाव वदवून घेतो व वही मिटतो. सिद्ध म्हणून वर चढविलेल्या मनुष्यास पुन्हा खाली आपल्या गावी उतरावे लागते. ‘अवतार’ या शब्दाचा मूळ अर्थ खेळास या एकाच ठिकाणी, कदाचित नकळत, साधला आहे.

६

वरील विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला मूल्यनिर्णयाचा. ‘अल्टिमा ४’ला नीतीचा खेळ म्हणून जे श्रेय दिले जाते ते त्यातील गुणांच्या कोष्टकास देणे योग्य नाही. कोष्टक हा त्याचा सर्वांत कच्चा भाग आहे. श्रेय आहे ते साक्षीदार नसलेल्या कृतीला जागा करून देण्यात, आणि त्या कृतीचे फळ दूरवर, उशिरा व मुकाट्याने येऊ देण्यात. या जातीच्या कोणत्याही खेळाचे नैतिक मूल्य ठरविताना त्यात सद्गुण किती सांगितले आहेत हे पाहू नये. कोणी पाहत नाही असे वाटावयास लावणारी स्थळे किती आहेत, हे पाहावे.

दुसरा निष्कर्ष अभ्यासपद्धतीचा. कादंबरीची संहिता पहिल्या व दहाव्या वाचनात तीच राहते. या खेळात पहिल्यांदा आंधळ्या बाईपुढे उभा राहणारा आणि मार्गदर्शक पुस्तिका वाचून उभा राहणारा, हे दोघे वेगळ्या कृतींचा अनुभव घेतात. एकास मोह होतो. दुसऱ्यास केवळ दर ठाऊक असतो. अशा विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून आपले विवेचन कितव्या खेळण्यावर व कोणत्या पूर्वज्ञानावर आधारलेले आहे, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. शक्य तेथे पहिल्या खेळण्याची टिपणे त्याच वेळी, मागाहून दुरुस्त न करता, ठेवावीत. आणि कमी पैसे हातावर ठेवले असतील तर तेही त्यांत येऊ द्यावे. ज्या कृतीची संहिता अभ्यासकाच्या आचरणाने घडते, तिच्या अभ्यासात प्रामाणिकपणा हा पुराव्याचाच एक भाग असतो.